द्वारका ते दिब्रुगड : घड्याळ एक, दिवस दोन

जानेवारीच्या पहिल्या सप्ताहात पहाटेचे सहा वाजतात तेव्हा आसामच्या पूर्व टोकाकडील दिब्रुगडमध्ये सूर्योदय होत असतो. त्याच क्षणी गुजरातच्या पश्चिम किनाऱ्यावरील द्वारकेत गडद काळोख असतो. तेथे सूर्यबिंब दिसण्यास अजून दीड तासाचा अवधी असतो. सायंकाळी याच्या उलट चित्र दिसते. साडेचारच्या सुमारास दिब्रुगडमध्ये दिवेलागण होते आणि द्वारकेच्या समुद्रावर सूर्य अद्याप चांगला वर असतो. तेथील सूर्यास्त सव्वासहानंतरचा. दोन्ही नगरे एकाच देशातील आहेत आणि दोन्हीकडील घड्याळांत एकच वेळ आहे. मात्र त्या वेळेचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही.

भारतासारख्या विस्तीर्ण देशाला एकच प्रमाणवेळ पुरेशी आहे काय, हा प्रश्न अनेक दशके चर्चेत आहे. ईशान्येकडील राज्यांतून वेगळ्या वेळेची मागणी वारंवार होते आणि केंद्र सरकार ती वारंवार नाकारते. हा वाद समजून घ्यायचा तर देशाच्या दोन टोकांवरील ही दोन नगरे शेजारी शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

रेखांशांचे गणित

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एक अंश फिरण्यास चार मिनिटे. मराठी घरांत हे गणित नकळत रोजच्या परिचयाचे आहे. संकष्टी चतुर्थीला दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या गावोगावच्या वेळा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्यामागे प्रामुख्याने हेच कारण असते. मुंबई आणि गोंदिया यांच्या रेखांशांत सुमारे सव्वासात अंशांचा फरक आहे. त्यामुळे एकाच राज्यातील या दोन शहरांच्या माध्यान्हीत सुमारे २९ मिनिटांचे अंतर पडते.

भारताचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे ६८ ते ९७ पूर्व रेखांशांदरम्यान, म्हणजे जवळजवळ ३० अंशांचा आहे. त्यामुळे देशाच्या दोन टोकांवरील सौर वेळेत जवळपास दोन तासांचा फरक पडतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. तेथील सूर्याची वेळ ती साऱ्या देशाची वेळ, असा हा संकेत आहे. ग्रीनिचच्या वेळेपेक्षा ती साडेपाच तास पुढे असते.

द्वारका या रेषेच्या पश्चिमेस साडेतेरा अंशांवर आहे. त्यामुळे तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ५४ मिनिटे मागे चालतो. दिब्रुगड पूर्वेस सुमारे साडेबारा अंशांवर असल्याने तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ५० मिनिटे पुढे असतो. दोन्ही मिळून अंतर होते एक तास ४४ मिनिटांचे. हवाई मार्गाने ही दोन नगरे एकमेकांपासून सुमारे २,७०० किलोमीटर दूर आहेत.

हा फरक मात्र वर्षभर एकसारखा राहत नाही. दिब्रुगड द्वारकेपेक्षा सुमारे पाच अंश उत्तरेला आहे. त्यामुळे तेथे हिवाळ्यातील दिवस अधिक लहान आणि उन्हाळ्यातील दिवस अधिक मोठा असतो. २१ जूनच्या सुमारास दिब्रुगडमध्ये सूर्य पहाटे सव्वाचारला उगवतो आणि सायंकाळी सहा वाजून आठ मिनिटांच्या आसपास मावळतो. द्वारकेत त्याच दिवशी सूर्योदय सहा वाजून ११ मिनिटांच्या सुमारास आणि सूर्यास्त सात वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास होतो. परिणामी जूनमध्ये सूर्योदयातील तफावत जवळजवळ दोन तासांची होते, तर जानेवारीत सूर्यास्तातील तफावत दोन तासांच्या जवळ जाते.

द्वारका : उशिराची सकाळ, लांबलेली संध्याकाळ

द्वारका हे चार धामांपैकी एक आणि आद्य शंकराचार्यांच्या परंपरेतील शारदा पीठाचे स्थान. गोमतीच्या काठी उभे असलेले द्वारकाधीशाचे मंदिर आणि त्याच्या शिखरावर दिवसातून अनेकदा बदलला जाणारा ५२ गजांचा ध्वज ही या नगराची ओळख. महाराष्ट्राशीही त्याचा जुना संबंध आहे. द्वारका ज्या ओखामंडळ प्रदेशात आहे, तो प्रदेश बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात मोडत होता. २०१३ मध्ये जामनगर जिल्ह्याचे विभाजन होऊन देवभूमी द्वारका हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जवळच ओखा बंदर आहे, मिठापूरचा मिठाचा व रसायनांचा कारखाना आहे आणि बेट द्वारकेला जोडणारा सुदर्शन सेतू २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला आहे.

मंदिराचा दिवस सर्वसाधारणपणे सकाळी साडेसहाच्या मंगला आरतीने सुरू होतो. जून महिन्यात ही वेळ सूर्योदयानंतरची असते, पण जानेवारीत सूर्योदयाच्या तासभर आधीची. थंडीच्या दिवसांत भाविक पूर्ण अंधारात रांगेत उभे असतात. दुपारी मंदिर बंद होते आणि सायंकाळी पुन्हा उघडते. सौराष्ट्रातील अनेक गावांत व शहरांत दुपारी दुकाने बंद ठेवून वामकुक्षी घेण्याची रीत आहे. राजकोटचे व्यापारी तर त्यासाठी प्रसिद्धच आहेत. यामागे उष्ण हवामान आहे, तसेच सूर्याचे गणितही आहे. द्वारकेत सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, तर ऋतुमानानुसार पावणेएक ते एकच्या सुमारास. फेब्रुवारीत तर एक वाजून गेल्यावर. साहजिकच उन्हाचा ताव तीन-चार वाजेपर्यंत ओसरत नाही आणि बाजार सायंकाळी उशिरा फुलतो. रात्रीचे जेवण आणि झोप हीदेखील त्याच मानाने पुढे सरकते.

दिब्रुगड : मळ्याचे वेगळे घड्याळ

दिब्रुगडचे जीवन ब्रह्मपुत्रा आणि चहा या दोहोंभोवती गुंफलेले आहे. १५ ऑगस्ट १९५० रोजी झालेल्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपाने नदीचे पात्र उथळ झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत पुराने व धुपीने शहराचा मोठा भाग गिळंकृत केला. आजचे शहर बंधाऱ्याच्या आधाराने उभे आहे. ईशान्येतील पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये येथे सुरू झाले, तर १९६५ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. डिसेंबर २०१८ मध्ये उद्घाटन झालेला सुमारे पाच किलोमीटर लांबीचा बोगीबील रेल्वे-रस्ता पूल नदीच्या उत्तर काठाला या शहराशी जोडतो.

भोवताली चहाचे मळे आहेत. देशातील चहाच्या उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक वाटा आसामचा असून दिब्रुगड व तिनसुकिया हे जिल्हे त्यात अग्रभागी आहेत. मळ्यांत काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, ओडिशा आदी भागांतून मजूर म्हणून आणले गेले. पानांची खुडणी प्रामुख्याने स्त्रिया करतात. दोन पाने आणि एक कळी हातांनी खुडण्याच्या या कामाला स्वच्छ उजेड लागतो आणि दमट उन्हाळ्यात ते सकाळच्या गारव्यातच सुसह्य होते.

येथेच या प्रदेशाने प्रमाणवेळेवर आपल्यापुरता तोडगा काढला. ब्रिटिश मळेवाल्यांनी सुरू केलेली ‘बागान टाइम’ ही पद्धत आसामच्या मळ्यांत रूढ झाली. मळ्याचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. शहरातील घड्याळात सात वाजलेले असताना मळ्यात आठ वाजलेले असतात. त्यामुळे मळ्यातील घरांना दोन वेळांचा हिशेब ठेवावा लागतो. कामाचा भोंगा बागानच्या वेळेने वाजतो, तर बँक, सरकारी कचेरी आणि रेल्वे प्रमाणवेळेने चालते.

मळ्याबाहेरच्या दिब्रुगडला मात्र ही सोय नाही. जूनमध्ये पहाटे सव्वाचारला उजाडलेला दिवस कचेऱ्या उघडेपर्यंत पाच-साडेपाच तास जुना झालेला असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीस तर सूर्य अकरा वाजण्यापूर्वीच माथ्यावर येतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्यास्त सव्वाचारच्या सुमारास होतो आणि कार्यालयीन दिवसाचा अखेरचा भाग विजेच्या दिव्यांखाली जातो. शाळा-महाविद्यालयांतून मुली घरी परततात, नोकरदार स्त्रिया बसथांब्यावर उभ्या राहतात, त्या वेळी काळोख दाटलेला असतो. सकाळचा मोफतचा उजेड वाया जातो आणि सायंकाळी विकतचा उजेड वापरावा लागतो, हे ईशान्येतील तक्रारीचे सार आहे.

शासकीय व्यवस्थेनेही काही प्रसंगी हे वास्तव मान्य केले आहे. २०२३ मध्ये नागालँड आणि मेघालय विधानसभांसाठी मतदान सकाळी सात ते दुपारी चार या वेळेत घेण्यात आले होते.

मुंबईचाही होता विरोध

एकच प्रमाणवेळ देशाने सहजासहजी स्वीकारलेली नाही, याची साक्ष मुंबईचा इतिहास देतो. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ग्रीनिच हे शून्य रेखावृत्त मानले. त्या काळी भारतात मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या वेळा निरनिराळ्या होत्या आणि रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत असे. १८८१ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कारभारासाठी मद्रासची वेळ लागू करण्याचा प्रयत्न केला, परंतु लोकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तेव्हा मुंबईचे घड्याळ एकाएकी ३९ मिनिटे पुढे गेले. गिरणी कामगारांना त्याचा अर्थ नेमका कळला. अंधारात कामावर जाणे, तेही सरकारच्या हुकमाने. त्याच महिन्यात कामगारांत असंतोषाचा उद्रेक झाला. महापालिकेनेही पुन्हा मुंबई वेळच धरली आणि शहरात पुढे कित्येक वर्षे दोन वेळा नांदल्या. प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २४ मिनिटे पुढे असलेली कलकत्ता वेळ १९४८ पर्यंत, तर मुंबई वेळ १९५० च्या दशकापर्यंत वापरात होती. आज दिब्रुगड जे मागत आहे, ते मुंबईने अर्धशतक उपभोगले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या अवधीत, साऱ्या देशाची घड्याळे एक तास पुढे नेण्यात आली होती. म्हणजे प्रमाणवेळ बदलण्याचा अनुभवही देशाच्या गाठीशी आहे.

वेगळ्या वेळेची मागणी

ईशान्येसाठी वेगळ्या वेळेचा आग्रह चित्रपट दिग्दर्शक जाह्नू बरुआ यांनी अनेक वर्षे धरला. २००१ मध्ये केंद्राने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. मात्र बदलाची आवश्यकता नाही, असे २००४ मध्ये संसदेत सांगण्यात आले. जानेवारी २०१४ मध्ये आसामचे तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी राज्यभर बागान टाइम लागू करण्याचा मनोदय जाहीर केला, पण तो प्रत्यक्षात आला नाही. मार्च २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने वेगळ्या वेळेची मागणी करणारी जनहित याचिका फेटाळली. त्याच वर्षी अरुणाचल प्रदेशचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी ही मागणी पुन्हा मांडली.

२०१८ मध्ये या चर्चेला शास्त्रीय बळ मिळाले. देशाची प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी असलेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दोन प्रमाणवेळांचा प्रस्ताव मांडला. उर्वरित भारतासाठी सध्याचीच वेळ, तर ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबारसाठी त्याहून एक तास पुढची वेळ, असे त्याचे स्वरूप होते. दोहोंमधील सीमारेषा आसाम व पश्चिम बंगाल यांच्या हद्दीवर, ८९ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर सुचवण्यात आली. यामुळे वर्षाला सुमारे दोन कोटी युनिट विजेची बचत होईल, असा त्यांचा अंदाज होता.

हा प्रस्ताव अमलात आला असता तर दिब्रुगडमध्ये जानेवारीतील सूर्योदय सातच्या व सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास, तर जूनमधील सूर्योदय सव्वापाचच्या व सूर्यास्त सात वाजून आठ मिनिटांच्या सुमारास झाला असता. या वेळा नागपूरकरांना वा पुणेकरांना मुळीच परक्या वाटणार नाहीत.

आक्षेप कोणते?

विरोधकांचे मुद्देही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला मुद्दा रेल्वेचा. गाडी सीमारेषा ओलांडताना वेळ बदलणार. संदेशयंत्रणेत मानवी हाताळणी असेल तर एका तासाच्या गोंधळातून अपघात संभवतो. ओख्याहून द्वारकामार्गे गुवाहाटीला जाणारी द्वारका एक्स्प्रेस ही या दोन प्रदेशांना थेट सांधणारी गाडी. तिच्या वेळापत्रकात हा बदल मध्येच करावा लागेल. भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी त्यावर उत्तर दिले होते. आसामच्या हद्दीवर रेल्वेमार्ग मोजकेच असल्याने न्यू कूचबिहार व अलीपूरद्वार या दोन स्थानकांवर बदल हाताळता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा मुद्दा कारभाराचा. बँका, शेअर बाजार, विमानसेवा, दिल्लीतील मंत्रालये यांच्याशी जुळणारे कामाचे तास एका तासाने घटतील. तिसरा आणि कदाचित सर्वांत प्रभावी मुद्दा राजकीय आहे. ईशान्य भारत चिंचोळ्या भूपट्टीने उर्वरित देशाशी जोडलेला आहे आणि तेथे फुटीरतेच्या चळवळींचा इतिहास आहे. अशा भागाचे घड्याळही वेगळे केल्यास दुराव्याची भावना वाढेल, अशी भीती व्यक्त होते. केंद्रानेही संसदेत सामरिक कारणे पुढे करून दोन प्रमाणवेळा नाकारल्या. यावर ईशान्येतील युक्तिवाद असा, की दुरावा वेगळ्या घड्याळाने नव्हे, तर गैरसोयीकडे होणाऱ्या दुर्लक्षाने वाढतो.

मध्यममार्ग म्हणून बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अभ्यासकांनी साऱ्या देशाचीच वेळ अर्धा तास पुढे नेण्याची सूचना केली होती. त्यामुळे सीमारेषेचा प्रश्न उरत नाही आणि सायंकाळच्या विजेची बचत होते. मात्र त्याची किंमत पश्चिमेला मोजावी लागेल. द्वारकेत जानेवारीतील सूर्योदय आठ वाजून गेल्यावर होईल आणि शाळकरी मुले अंधारात घराबाहेर पडतील.

पश्चिमेचे दुर्लक्षित दुखणे

या वादात द्वारकेची बाजू सहसा कोणी मांडत नाही. अर्थतज्ज्ञ मौलिक जगनानी यांच्या संशोधनाने तिकडे लक्ष वेधले. सूर्य उशिरा मावळतो तेथे मुले उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा घड्याळाच्याच वेळेवर वाजते. त्यामुळे झोप तुटते. सूर्यास्त तासभर उशिरा झाल्यास मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते आणि वार्षिक सरासरी सूर्यास्त तासाने उशिरा असलेल्या भागात मुलांचे शिक्षण सुमारे ०.८ वर्षाने कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा परिणाम गरीब घरांत अधिक जाणवतो, कारण गोंगाट, उकाडा आणि दाटीवाटीत संध्याकाळच्या उजेडात झोपणे त्यांना शक्य नसते.

म्हणजे एकाच घड्याळाचा भार दोन्ही टोकांवर पडतो, फक्त त्याचे रूप वेगळे असते. दिब्रुगडमध्ये तो सायंकाळच्या अंधाराच्या रूपाने डोळ्यांना दिसतो. द्वारकेत तो मुलांच्या अपुऱ्या झोपेत दडलेला असतो, म्हणून तेथे मागणी नाही आणि आंदोलनही नाही.

शेजारी काय करतात?

भारताच्या शेजारी देशांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे सापडतात. द्वारकेत दुपारचे बारा वाजतात तेव्हा कराचीत साडेअकरा वाजलेले असतात. दिब्रुगडच्या घड्याळात बारा वाजलेले असताना भूतान व बांगलादेशात साडेबारा आणि म्यानमारमध्ये एक वाजलेला असतो. वास्तविक बांगलादेश दिब्रुगडच्या पश्चिमेला आहे. चीनने मात्र १९४९ नंतर संपूर्ण देशासाठी बीजिंगची एकच वेळ ठेवली. परिणामी दूर पश्चिमेकडील शिनजियांगमध्ये अनेक लोक अधिकृत वेळेपेक्षा दोन तास मागे असलेली स्थानिक वेळ अनौपचारिकपणे पाळतात. लोकजीवनाला न जुळणारी वेळ सरकारने ठरवली, की लोक आपली वेळ शोधून काढतात, हे शिनजियांगमध्ये आणि आसामच्या मळ्यांत सारखेच दिसते.

प्रमाणवेळेला हात न लावताही काही करता येण्यासारखे आहे. शाळा, कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या वेळा राज्याराज्यांत सूर्यानुसार ठरवल्या, ऋतूनुसार त्यांत बदल केला, तर दिब्रुगडच्या विद्यार्थ्यांना उजेडात घरी परतता येईल आणि द्वारकेच्या मुलांना हिवाळ्यात सकाळची अर्धा तास अधिक झोप मिळेल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही की रेल्वेच्या संदेशयंत्रणेत फेरफार करावा लागत नाही. अर्थात, दिल्लीच्या वेळेशी बांधलेल्या केंद्रीय कार्यालयांना आणि बँकांना त्यातून वगळले, तर या उपायाचा लाभ अर्धाच राहील. दोन प्रमाणवेळांचा निर्णय केंद्राला नको असेल, तर निदान कामाच्या तासांबाबतची ही लवचीकता तरी त्याने मोकळेपणाने दाखवावी, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही.